वाद्याला वाचा

वाद्यसंगीतास शब्दांची जोड मिळाली म्हणजे ते पूर्णत्वास जाते, अशी समजूत रसिकांत रूढ आहे. आणि शब्द आले की नादाचे राज्य संपले, असे म्हणणारा प्रतिपक्षही तितकाच आग्रही आहे. दोन्ही पक्षांची परीक्षा पाहण्यास कर्ष काळे यांचा 'ब्रोकन इंग्लिश' (२००६) हा ध्वनिमुद्रित संग्रह फार उपयोगी आहे.

मराठी आडनावाचे हे वादक १९७४ साली इंग्लंडात जन्मले आणि अमेरिकेत वाढले. तबल्याचा नाद विद्युत्‌यंत्रांतून फिरवून त्यावर ड्रम व कृत्रिम स्वरांचे थर चढवणे, ही त्यांची ख्याती. 'रिअलाइझ' (२००१) व 'लिबरेशन' (२००३) या संग्रहांत मानवी कंठ नाही असे नव्हे. विशाल वैद यांच्यासारखे गायक त्यांच्या सोबतीस होतेच. परंतु तेथे कंठ हा अनेक वाद्यांपैकी एक होता. 'ब्रोकन इंग्लिश'मध्ये मात्र गीत यजमान झाले आणि तबला पाहुणा. दोन भाषांत वाढलेल्या पिढीला स्वतःचे काही बोलावेसे वाटले, तर त्यास हसण्याचे कारण नाही. संग्रहाचे नावच ती ओढ सांगते. दोष बोलण्यात नाही. पूर्वी स्वतः प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देणारा तबला येथे पुष्कळदा कडव्यांखाली नुसता ठेका धरून बसतो, हा दोष आहे.

वस्तुतः तबला मुका कधीच नव्हता. विद्यार्थी 'धा', 'तिरकिट' हे बोल आधी मुखाने म्हणतो, मग हाताने काढतो. ज्या वाद्याचा जन्मच वाणीतून होतो, त्यास वाचा देण्यासाठी बाहेर जावे लागावे, हे नवल होय.

शब्द केव्हा हवेत आणि केव्हा नकोत, याचा विवेक डहाणूजवळच्या गंजाडात पाहावा. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) या थोर वारली चित्रकाराचे हे गाव. वारली चित्रांत नर्तकांच्या फेऱ्याच्या आत जो वादक दिसतो, तो तारपा फुंकत असतो. वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचे पान, एवढेच त्या वाद्याचे साहित्य. तोंड वाद्याला लागलेले, म्हणून वादकास गाता येत नाही. तरी चाल बदलली की नाचणाऱ्यांची पावले आपोआप बदलतात. तेथे शब्दांवाचून काहीही अडत नाही. त्याच समाजात लग्नाचा चौक लिहिला जातो तेव्हा धवलेरी गाते. तेथे शब्दच सर्वस्व असतो, आणि तारप्याची उणीव कोणास भासत नाही. जे एकाला साधत नाही, तेवढ्यासाठीच दुसऱ्यास बोलावणे येते.

ही कसोटी लावली तर अनुष्का शंकर यांच्यासह काळे यांनी केलेला 'ब्रीदिंग अंडर वॉटर' (२००७) आम्हांस अधिक समाधानकारक वाटतो. स्टिंग आणि नोरा जोन्स यांच्यासारखे नामांकित गायक असूनही तेथे सतार आपले बोलणे सोडीत नाही. वादकाने गळा अवश्य जवळ करावा. मात्र वाद्याचे सांगून संपलेले नसताना त्याच्या तोंडचा घास गायकाला देऊ नये.