वऱ्हाडी रॅप : शब्द पुढे, सूर मागे

एखाद्या कलेचा नवा प्रवाह आपल्या मुलखात शिरला की त्याला ताबडतोब एखादे जुने कूळ लावून द्यावयाचे, ही आपल्या समीक्षेची जुनी सवय आहे. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रात रॅपचा बोलबाला झाल्यापासून ‘रॅप म्हणजे आपला पोवाडाच’ हे विधान व्यासपीठांवरून आणि रविवारच्या पुरवण्यांतून इतक्या वेळा करण्यात आले आहे की ते तपासून पाहण्याची निकड कुणास वाटेनाशी झाली आहे. अमरावती आणि अकोला या दोन शहरांच्या परिसरात, कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून जे हिप-हॉप आज जन्मास येत आहे, त्याचा विचार करताना मला हे कूळ अपुरे वाटते. पोवाडा दुसऱ्याचा पराक्रम गातो. शाहीर स्वतः बाजूस उभा राहतो आणि नायकास पुढे करतो. रॅपमध्ये मात्र बोलणारा आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे तो, हे दोघे बहुधा एकच असतात. आपली गल्ली, आपले घर, आपली जात, आपला बेकार गेलेला काळ यांची हकीकत तो स्वतःच्या तोंडाने आणि स्वतःच्या नावानिशी दाखल करतो. असा प्रथमपुरुषी उद्गार वऱ्हाडात पूर्वी नव्हताच असे नाही. तो होता, परंतु पोवाड्यात नव्हे, तर जात्यावर होता. दळताना बाई जी ओवी म्हणे, तिच्यात सासर, माहेर, भाऊ, उपास, मार, आस हे सारे ‘मी’च्या मुखाने येत असे, आणि ऐकावयास बहुधा तीच एकटी असे. या मुद्द्याकडे मी पुढे येणारच आहे. प्रथम या कलेच्या घडणीविषयी थोडे सांगितले पाहिजे.

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, जमैकातून आलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्क या तरुणाने आपल्या बहिणीच्या मेजवानीत दोन तबकड्यांवरील तालवाद्यांचा तुकडा लांबवत लांबवत वाजविला, आणि हिप-हॉपचा प्रारंभ तेथून धरण्याची प्रथा पडली. ते तुकडे ज्या तबकड्यांतून घेतले जात, त्या प्रामुख्याने सोल आणि फंक या संगीताच्या होत्या. आणि सोल म्हणजे काय, तर कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील प्रार्थनागीत देवळाबाहेर पडून प्रपंचाचे सुखदुःख गाऊ लागले ते. रे चार्ल्सने १९५४ च्या सुमारास प्रार्थनेची चाल उचलून तीत ऐहिक प्रेमाचे शब्द बसविले तेव्हा भाविकांस तो अधर्म वाटला. अरीथा फ्रँकलिन तर धर्मोपदेशकाचीच कन्या, आणि तिचा कंठ बापाच्या चर्चमध्येच तयार झालेला. तात्पर्य, अमेरिकेतील रॅपर जेव्हा बोलावयास उभा राहिला, तेव्हा त्याच्या पाठीशी दोन पिढ्यांचे गाणे आधीच उभे होते. वऱ्हाडातील रॅपरच्या पाठीशी कोणते गाणे उभे आहे, हा माझ्या दृष्टीने या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

आधी माणसांविषयी. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘१००आरबीएच’ या नावाने रॅप करतो. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या बहुभाषिक समूहात तो राहिला. २०१९ च्या ‘गल्ली बॉय’ या चित्रपटातील ‘इंडिया ९१’ या गीतात एमसी मवाली, एमसी तोडफोड, महार्या, एमसी अल्ताफ आणि नॉक्शस डी यांच्यासमवेत त्याचा आवाज आहे. आणि २०२४ साली ‘एमटीव्ही हसल’ या दूरचित्रवाणीवरील रॅप-स्पर्धेच्या चौथ्या पर्वात तो दिसला तेव्हा, ज्या शहरात तो वाढला त्या शहरातील पुष्कळांना त्याचे नाव प्रथमच कळले. याच अमरावतीचा विपीन तातड आंबेडकरी जाणिवेचे रॅप लिहितो. त्याच्या लेखनाचे गोत्र शोधावयाचे तर वामनदादा कर्डक, विलास घोगरे आणि संभाजी भगत या शाहिरांपर्यंत जावे लागते. हे दोघे एकाच शहराचे असले तरी त्यांची प्रकृती निराळी आहे: पहिल्याचा भर शब्दांच्या वेगावर आणि उच्चारांच्या नक्षीवर, दुसऱ्याचा युक्तिवादावर. ज्या शहरात १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली, आणि अंबादेवीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाची सिद्धता झाली, त्या शहरात हा युक्तिवाद आज ठेक्यावर बोलला जावा यात मला आश्चर्य वाटत नाही.

परंतु या कवितेचे खरे यश मला भाषेत दिसते. वऱ्हाडी बोलीला छापील साहित्यात गांभीर्याची जागा फार पूर्वीच मिळालेली आहे. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली आली, आणि विठ्ठल वाघ यांच्या कवितेने अकोल्याच्या काळ्या मातीला नवा स्वर दिला. असे असूनही रंगमंचावर, चित्रपटात आणि दूरचित्रवाणीवर वऱ्हाडी बोलणारे पात्र आले की ते हसविण्याकरिताच आले आहे असे प्रेक्षक गृहीत धरतो. ‘काहून बे’ म्हटले की सभागृहात खसखस पिकते. रॅपने हा करार मोडला. येथे वऱ्हाडी माणूस संतापतो, वाद घालतो, शोक करतो, आणि हे सारे ‘मले’, ‘तुले’, ‘करून रायलो’ अशाच रूपांत करतो. ऐकणारा हसत नाही. अमरावती-अकोल्याच्या बाजारातील हिंदी आणि घरातील वऱ्हाडी यांची जी रोजची सरमिसळ, तीही या लेखनात कसलीही सफाई न करता उतरते. ही गोष्ट लहान नाही, आणि तिचे श्रेय या मुलांना निःसंकोचपणे दिले पाहिजे.

तंत्राच्या दृष्टीनेही बोलीचा लाभ मोठा आहे. मराठी वाक्य क्रियापदाने संपते, त्यामुळे यमक फार स्वस्तात मिळते: केलं-गेलं, येते-जाते, आहे-पाहे. सुमार रॅपर या सवलतीवर जगतो, आणि त्याच्या चार ओळी ऐकल्या की पाचवी कोठे संपणार हे श्रोत्यास आधीच कळते. ज्याला कला साधली आहे तो यमक ओळीच्या टोकावरून उचलून पोटात नेतो, नामाशी नाम आणि विशेषणाशी विशेषण जुळवितो, आणि क्रियापद मुद्दाम ठेक्याच्या पलीकडे टाकतो. ‘होऊन रायलं’ यासारख्या वऱ्हाडी रूपांची लांबट, किंचित ओढलेली चाल या कामी फार उपयोगी पडते. प्रमाण मराठीतील ‘होत आहे’ हे त्यामानाने कोरडे आणि तोकडे. नव्या मुलांची रचना ऐकताना मी प्रथम हेच पाहतो की यमक कोठे पडले आहे, आणि निम्म्याहून अधिक गाणी तेवढ्याच कसोटीवर मागे पडतात.

आता संगीताकडे वळतो, आणि येथे मला प्रशंसा आवरती घ्यावी लागते. शब्द अमरावतीचे असतात, पण त्याखालचा बीट, म्हणजे तालाचा तयार पाया, कोठला असतो? बहुधा तो कुण्या परदेशी गायकाच्या धर्तीवर बनविलेला, ‘टाइप बीट’ म्हणून विक्रीस ठेवलेला, अल्प रकमेत भाडेपट्ट्याने घेतलेला असतो. आणि तोच बीट त्याच आठवड्यात दुसऱ्या एखाद्या देशातील दुसऱ्या एखाद्या मुलाने घेतलेला असतो. गरिबीचा हा नाइलाज मी समजू शकतो. तथापि ज्या भूमीत हे घडते त्या भूमीच्या ध्वनिसंपत्तीचा विचार केला म्हणजे मन खिन्न होते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारीत, श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत, आणि मग त्याच उत्तराने त्यांना पेचात धरीत. समूहाला बोलते करण्याची ही विद्या कोणत्याही रॅपरने हेवा करावा अशी आहे. यावलीत १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी एका खंजेरीच्या आधारावर गावेच्या गावे बसल्या जागी धरून ठेवली. अकोला जिल्ह्यातील सिरसोलीचे सत्यपाल महाराज तर एकट्याने सात खंजेऱ्या वाजवीत हुंडा, व्यसन आणि अंधश्रद्धा यांवर वऱ्हाडीत बोलत आले आहेत. त्यात गद्य कोठे संपते आणि पद्य कोठे सुरू होते हे सांगता येत नाही, आणि बोलणे एक क्षणही ताल सोडीत नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा आहे. हिप-हॉपचा चार ठोक्यांचा आवर्तनखंड त्यात काडीचीही ओढाताण न करता बसतो. ‘इंडिया ९१’ मध्ये मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी कर्नाटक तालाचे अंग रॅपला जोडून दाखविले. खंजेरीच्या वाट्याला तितक्या विचाराने केलेले असे काही अजून माझ्या ऐकण्यात आलेले नाही.

सोल संगीताचा विषय मी प्रारंभी काढला तो याचकरिता. प्रार्थनेतील आर्त कंठ प्रपंचाच्या गाण्यात आणणे हे जे काम तेथे रे चार्ल्स आणि अरीथा यांनी केले, ते येथे भजन आणि भीमगीत यांच्या बाबतीत अद्याप व्हावयाचे आहे. साहित्य सिद्ध आहे; गावोगावची भजनी मंडळे आहेत, भीमगीतांच्या आणि कव्वालीच्या ध्वनिफितींचा मोठा साठा घराघरांत आहे, आणि १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत किंवा अकोल्याच्या श्रावणातील कावड उत्सवात ध्वनिक्षेपकांच्या ज्या भिंती उभ्या राहतात, त्यांच्यासमोर उभे राहून वाढलेल्या मुलांच्या अंगात मंद्र ध्वनीची जाण आपोआप भिनलेली आहे. कूल हर्कही जमैकातील अशाच रस्त्यावरच्या ध्वनियंत्रणेच्या संस्कारात वाढला होता. उणीव आहे ती गाणाऱ्यांची. रॅपरच्या दोन कडव्यांच्या मध्ये जे धृपद येते ते आज बहुतेक वेळा यंत्राने सरळ केलेल्या, चेहरा नसलेल्या आवाजात येते; तेथे वऱ्हाडातील एखाद्या भजनी बुवाचा फाटका, खरा आवाज आला तर त्या गाण्याचे सारे स्वरूप पालटेल.

दुसरी उणीव अल्बमची. सुट्या गाण्याने नाव होते, पण विचार उभा राहत नाही. सोल गायक मार्विन गेचा १९७१ चा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हा अल्बम एक गाणे दुसऱ्यात मिसळत जाऊन युद्ध, दारिद्र्य आणि प्रार्थना यांचे एकसंध चित्र उभे करतो; आपल्याकडे ‘स्वदेसी’च्या २०२० च्या ‘चेतावनी’त, आणि त्याआधी आरेच्या जंगलातील वारली कलावंत प्रकाश भोईर यांच्या सहभागाने झालेल्या ‘द वारली रिव्होल्ट’ या गीतात, असा एका विषयाचा ध्यास दिसतो. वऱ्हाडास विषयांची वाण नाही. कापूस, कर्ज, पाण्याचा अनुशेष, आणि शिकून घरी बसलेली पिढी यांपैकी कोणत्याही एकावर आठ-दहा गाण्यांचा सलग ग्रंथ व्हावा. अर्धमिनिटाच्या चित्रफितीची जी आज सक्ती होऊन बसली आहे ती या कामात आडवी येते, कारण तिच्यापायी गाण्याचा सर्वांत चमकदार तुकडा आधी लिहिला जातो आणि उरलेले गाणे त्याभोवती भरताड म्हणून रचले जाते.

बोलण्याची जोखीमही लहान नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर त्यांच्या राजकीय रचनांबद्दल पोलिसांत गुन्हे दाखल झाले. नाव नसलेल्या, वकील नसलेल्या मुलाने यातून कोणता धडा घेतला असेल ते सांगावयास नको. त्यानंतरही जे लिहीत राहिले त्यांच्याविषयी मला आदर वाटतो.

आणि ही गाणी श्रोत्यापर्यंत पोचतात कशी? वऱ्हाडातून रुई मुंबईस जावी आणि कापड होऊन परत यावी, तसा अमरावतीचा आवाज मुंबईच्या मोहोरेसह अमरावतीत परततो. ज्याला हे आवाज मुळातच शोधावयाचे आहेत त्याने आकड्यांच्या नादी लागू नये. एका आवडलेल्या गाण्याखाली बीट कुणाचा, ध्वनिमुद्रण कुणाचे, सोबतचा दुसरा आवाज कुणाचा, ही जी नामावळी असते ती धरून पुढच्या गाण्याकडे जावे, आणि तेथून आणखी पुढे. असे करीत गेल्यास अकोला, मूर्तिजापूर, अचलपूर, दर्यापूर येथील मुले सापडू लागतात, ज्यांची गाणी शे-दोनशे लोकांपलीकडे गेलेली नसतात. त्यांतील बरीच कच्ची असतात. क्वचित एखादी ओळ अशी येते की तिच्यासाठी उरलेले सारे ऐकल्याचे सार्थक व्हावे.

या शोधात स्त्रीचा आवाज फार क्वचित भेटतो, आणि ओवीचे जे मी आरंभी म्हटले ते येथे लागू होते. या प्रदेशात ‘मी’ म्हणून ठेक्यावर बोलण्याचा अभ्यास कुणाचा सर्वांत जुना असेल तर तो स्त्रियांचा आहे. जात्याची घरघर हा त्यांचा बीट होता, आणि भुलाबाईच्या गाण्यांतील सवाल-जवाब ही त्यांची जुगलबंदी. मुंबईत अश्विनी हिरेमठ ही रॅपर ‘क्रांती नारी’ या नावाने उभी राहिली. वऱ्हाडात तशी कुणी उभी राहावयाची तर तिला पोवाड्याकडे पाहण्याचे कारण नाही, आजीकडे पाहणे पुरे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या म्हणून त्या आज ऐकावयास मिळतात. वऱ्हाडी ओवीचे आणि वऱ्हाडी रॅपचे असे दप्तर अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठाने उघडावे. खाते बंद झाले, परवलीचा शब्द विसरला, फोन हरवला, एवढ्या कारणाने ही गाणी नाहीशी होतात. गाण्याची मूळ प्रत, त्याचे शब्द, बीट करणाराचे नाव आणि वर्ष एवढी नोंद ठेवण्यास फारसा खर्चही येणार नाही. मराठी विभागातील दोन विद्यार्थी आणि संगणक विभागातील एक एवढ्यांनी येत्या वर्षापासून ते काम सुरू करता येईल.