आनंदीबाईंचा पहिला हिवाळा : चरित्र, कादंबरी आणि पत्रे

अवघे एकवीस वर्षे अकरा महिन्यांचे आयुष्य आणि त्या आयुष्यावर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ सातत्याने होत राहिलेले लेखन, असा योग मराठी चरित्रवाङ्मयात क्वचितच आढळतो. डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांच्या बाबतीत तो जुळून आला आहे. चरित्र, कादंबरी, नाटक, दूरदर्शन मालिका आणि २०१९ साली चित्रपट अशा सर्व माध्यमांतून त्यांची कथा मराठी माणसाला परिचित झालेली आहे. मात्र या परिचयाचे स्वरूप तपासले असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. आनंदीबाई परदेशी गेल्या हे सर्वांना ठाऊक असते, त्या लवकर वारल्या हेही ठाऊक असते. परंतु या दोहोंच्या मध्ये त्या तेथे विद्यार्थिनी म्हणून कशा राहिल्या, याविषयी वाचकाच्या मनात फारसे चित्र नसते. १८८३ सालच्या ऑक्टोबरपासून पुढील काही महिने, म्हणजे फिलाडेल्फिया शहरातील त्यांचा पहिला हिवाळा, मराठी लेखनात कसा आला आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आवश्यक तेवढा तपशील आरंभी पाहणे योग्य ठरेल. कल्याणच्या गणपतराव जोशी यांची कन्या यमुना हिचा विवाह नवव्या वर्षी पोस्ट खात्यात नोकरीस असलेले बिजवर गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच गेले. गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता आणि श्रीरामपूर असा प्रवास होत गेला. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. बरोबर पती नव्हते. उन्हाळा न्यू जर्सीतील रोझेल येथे थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी गेला. ऑक्टोबरात त्या पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. १८५० साली स्थापन झालेले हे महाविद्यालय स्त्रियांना वैद्यकशास्त्राची पदवी देणाऱ्या जगातील अगदी आरंभीच्या संस्थांपैकी होते आणि रसायनशास्त्रज्ञ रेचल बॉडली या तेव्हा त्याच्या अधिष्ठाता होत्या.

म्हणजेच परदेशातील आरंभीच्या अनुभवाचे दोन टप्पे पडतात. रोझेल हे घर होते, फिलाडेल्फिया हे शहर होते. रोझेलला ‘मावशी’ होती, मुले होती, जेवणाखाण्याची चौकशी करणारी माणसे होती. फिलाडेल्फियात भाड्याची खोली आणि व्याख्यानांचे वेळापत्रक होते. आनंदीबाईंवरील लेखनात हा फरक बहुधा पुसला जातो. ‘अमेरिका’ असा एकच शब्द वापरून दोन्ही टप्पे एकत्र केले जातात. वास्तविक पाहता परक्या घरात सामावून घेतले जाणे आणि परक्या शहरात एकटीने राहणे हे अगदी भिन्न स्वरूपाचे अनुभव आहेत.

आनंदीबाईंचे पहिले चरित्र इंग्रजीत झाले. बोस्टनच्या कॅरोलाइन हीली डॉल यांनी ते १८८८ साली, आनंदीबाईंच्या निधनानंतर वर्षभरातच प्रसिद्ध केले. त्याचा वाचक अमेरिकन होता, त्यामुळे दूर देशीची ही ‘हिंदू स्त्री’ कौतुकाचा विषय होणे स्वाभाविक होते. मराठीतील पहिले चरित्र काशीबाई कानिटकर यांनी लिहिले आणि त्यात पत्रांना मोठे स्थान दिले. तिसरी महत्त्वाची कृती म्हणजे श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) ही कादंबरी. आज महाराष्ट्रात आनंदीबाईंविषयी जे काही सर्वसामान्यपणे ठाऊक आहे, ते बव्हंशी या कादंबरीमुळे आणि तिच्या नाट्यरूपामुळे. अंजली कीर्तने यांचे संशोधनपर चरित्र आणि मीरा कोसंबी यांचे इंग्रजी लेखन हे नंतरचे, अधिक काटेकोर टप्पे होत. परंतु लोकमानसातील प्रतिमा घडली ती कादंबरीतूनच.

कादंबरीचे सामर्थ्य वादातीत आहे. गोपाळरावांसारखा विक्षिप्त, हट्टी, शिक्षणासाठी पत्नीवर हात उगारणारा आणि त्याच वेळी तिच्यासाठी सर्व समाजाशी भांडणारा पुरुष मराठी कादंबरीत अन्यत्र सापडणे कठीण. पण शीर्षकातच तिची मर्यादाही दडलेली आहे. दोन नावे एकमेकांना चिकटून येतात. ही एका दांपत्याची कथा आहे. दांपत्याच्या कथेत पती हजर नसलेली वर्षे ही अडचणीची वर्षे ठरतात. गोपाळराव १८८५ साली अमेरिकेत पोहोचले. तोपर्यंतची दोन वर्षे कथेत त्यांची जागा त्यांच्या पत्रांना घ्यावी लागते. परिणामी फिलाडेल्फियातील हिवाळ्याचा ताण वर्गात, शरीररचनाशास्त्राच्या तासाला किंवा खोलीतल्या थंडीत न राहता टपालात जाऊन बसतो. पतीचे पत्र आले काय, त्यात राग आहे की माया, याकडे वाचकाचे लक्ष लागते. विद्यार्थिनी मागे पडते आणि पत्नी पुढे येते. कादंबरीकाराने हे मुद्दाम केले असे म्हणता येणार नाही. त्याने निवडलेल्या आकृतिबंधाचा तो परिणाम आहे.

याउलट, काशीबाईंच्या चरित्राची पद्धत आजच्या वाचकास काहीशी अवजड वाटण्याचा संभव आहे. चरित्रनायिकेवर गौरवाची झूल चढविण्याची त्या काळची रीत तीतही आहे. तथापि पत्रे समोर ठेवल्यामुळे चरित्रकर्तीच्या गौरवापेक्षा वेगळे असे काही वाचकाच्या हाती लागते. ते म्हणजे बारीकसारीक अडचणी. या अडचणींतील वस्त्राचा प्रश्न सविस्तर पाहण्याजोगा आहे.

नऊवारी लुगडे काष्टा घालून नेसले की पोटऱ्या आणि घोटे उघडे राहतात. कल्याणात वा कोल्हापुरात हा प्रश्नच उद्भवत नाही. फिलाडेल्फियाच्या डिसेंबरात तो शरीराचा प्रश्न होतो आणि पाय उघडे दिसणे असभ्य मानणाऱ्या तेथील समाजात तो सभ्यतेचाही प्रश्न होतो. आनंदीबाईंनी त्यावर काढलेला तोडगा असा की, अमेरिकन झगा घालावयाचा नाही, पण साडी गुजराती पद्धतीने नेसावयाची. तीमुळे पाय घोट्यापर्यंत झाकले जातात आणि आत परकर घालता येतो. बाहेरून पाहणाऱ्यास ही किरकोळ बाब वाटेल. परंतु तिचा काळ ध्यानात घेतला पाहिजे. त्याच वर्षी इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी सप्टेंबर १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही दिवसांतच आनंदीबाई कॉलेजात रुजू झाल्या. परदेशी गेलेली बाई धर्म टाकते, हा आक्षेप महाराष्ट्रात त्या क्षणी नुसता तर्क राहिला नव्हता. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन, असे श्रीरामपूरच्या सभेत जाहीरपणे सांगून आलेल्या या मुलीच्या निऱ्यांकडेही त्यामुळे लोक डोळे लावून होते. वेष पालटला तर शब्द मोडला, आणि न पालटावा तर हुडहुडी, अशा कोंडीतून तिने काढलेली वाट ही तिची स्वतःची होती.

येथे टपालाचा विचार पुन्हा करावा लागतो, पण वेगळ्या अर्थाने. पत्र आगबोटीने हिंदुस्थानात जावे आणि त्याचे उत्तर यावे, यात महिने लोटत. प्रत्येक बाबतीत पतीची अनुज्ञा मागावयाची तर ती येईपर्यंत हिवाळा सरलेला असे. म्हणून निर्णय आधी आणि पत्र नंतर, असा क्रम अपरिहार्य झाला. पोस्टातील नोकरदाराच्या पत्नीला पहिले स्वातंत्र्य पोस्टाच्या संथपणाने मिळवून दिले, असे म्हटल्यास ते थट्टेचे ठरू नये. वेषातील बदलाचा खुलासा गोपाळरावांना करताना तिच्या लेखणीस जो संकोच होतो, तो या दृष्टीने वाचला पाहिजे. कादंबरीच्या प्रभावाखाली वाचणारा त्यात भिणारी पत्नी पाहतो. पण तो संकोच निर्णय घेऊन झाल्यानंतरचा आहे, हे त्याच्या नजरेतून निसटते.

खोलीचेही तसेच. शेगडीची सोय धड नसल्याने खोलीत धूर कोंडे. धूर सोसावा किंवा थंडी सोसावी, एवढीच निवड उरे, असे चरित्रकार नोंदवितात. शाकाहाराचा नेम पाळावयाचा तर स्वयंपाक स्वतः करणे भाग होते. म्हणजे दिवसभर व्याख्याने ऐकून आल्यावर त्याच धुरात चूल. अभ्यासाच्या वेळापैकी किती वेळ या नेमाने घेतला असेल, हा प्रश्न आनंदीबाईंच्या निष्ठेचा गौरव करणारे लेखक विचारत नाहीत. निष्ठेला वेळ आणि इंधन लागते.

या टप्प्यावर एका प्रसिद्ध छायाचित्राचा उल्लेख करावासा वाटतो. १० ऑक्टोबर १८८५ रोजीच्या त्या छायाचित्रात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली अशा तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत. ते आज सर्वत्र पाहावयास मिळते आणि त्यावरून संस्थेच्या उदारतेची कल्पनाही येते. पण त्या चित्रातील साडी ही ओळखीची खूण आहे. पहिल्या हिवाळ्यातील साडी ही थंडीशी चाललेली झटापट होती. पुढे मराठी पुस्तकांनी आनंदीबाईंची वेशभूषा पहिल्या अर्थाने उचलली, दुसऱ्या अर्थाने क्वचितच.

आरंभीच्या अनुभवावर आणखी एक सावट आहे, ते शेवटाचे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. हा शेवट ठाऊक असल्याने लेखक पहिल्या हिवाळ्यातील प्रत्येक खोकल्यात मृत्यूची चाहूल ऐकतो. फिलाडेल्फियाच्या थंडीने आनंदीबाईंचा बळी घेतला, हे विधान त्यामुळे रूढ झाले. वस्तुतः निघण्यापूर्वी श्रीरामपुरातच ताप, डोकेदुखी आणि धाप यांनी त्यांना ग्रासले होते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली, म्हणजे त्या अमेरिकेस जाण्याच्या आदल्याच वर्षी दाखविला होता. त्यावर गुणकारी औषध मिळण्यास आणखी साठ वर्षे लागली. थंडी, धूर आणि अपुरा आहार यांनी प्रकृती खंगली असणे शक्य आहे. परंतु हिवाळ्याला मारेकरी ठरविले की त्या हिवाळ्यात शिकल्या गेलेल्या गोष्टींचा हिशेब कोणी करत नाही. मार्च १८८६ मध्ये त्यांनी पदवी घेतली, ती आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध सादर करून. त्या प्रबंधाची पूर्वतयारी याच धुरकट खोलीपासून सुरू झाली होती. पदवीदान समारंभास रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या, हा योगही लक्षणीय आहे.

तुलनेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे न्यूयॉर्कमधील आरंभीचे दिवस पाहता येतील. जुलै १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. हार्टली हॉल, मग कॉस्मोपॉलिटन क्लब, मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना यांचा शेजार, अशी त्यांच्या मुक्कामांची नोंद चरित्रांत मिळते. तीही थोडक्यातच. दोघांचाही परदेशवास खोली आणि ताट यांपासूनच सुरू होतो. मात्र चारचौघांत बसून जेवणे हे आनंदीबाईंच्या लेखी सांभाळून राहण्याचे ठिकाण होते, तर स्पृश्यास्पृश्यतेच्या देशातून आलेल्या बावीस वर्षांच्या भीमरावांच्या लेखी ती मोकळीक होती. परदेशगमनाचा एकच एक ‘मराठी अनुभव’ कल्पिणाऱ्या समीक्षेने हा भेद विसरता कामा नये.

आनंदीबाईंचे कल्याण भिवंडीपासून खाडीपलीकडे, हाकेच्या अंतरावर आहे. भिवंडी–ठाणे मार्गावरील पूर्णा, काल्हेर, कशेळी या गोदामांच्या गावांतून महाविद्यालयात येणारी मुले हे नाव ऐकूनच आलेली असतात. वर्गात त्यांच्यापुढे बहुधा ‘आनंदीबाईंच्या त्यागाचे वर्णन करा’ या धर्तीचा प्रश्न ठेवला जातो. उत्तरात वियोग येतो, आजार येतो, अकाली मृत्यू येतो. भाड्याची खोली, शेगडी, निऱ्या आणि पत्र पोहोचण्यापूर्वी घ्यावे लागलेले निर्णय येत नाहीत. घराण्यातील पहिलीच मुलगी म्हणून दुसऱ्या शहरात शिकावयास निघालेल्या विद्यार्थिनीला उपयोगी पडणारा भाग नेमका हाच आहे. कादंबरी अभ्यासक्रमात ठेवावयाची असेल तर तिच्याशेजारी फिलाडेल्फियाहून लिहिलेली निवडक पत्रे ठेवणे अवघड नाही.

आनंदीबाईंची रक्षा कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथील त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आली. तेथील शिळेवर नावापुढे वैद्यकाची पदवी आहे. खाली शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा आशयाची नोंद आहे. त्या नोंदीतही देश सोडल्याचा उल्लेख आला, जात आली. फिलाडेल्फिया मात्र आले नाही.