नदीचा श्लेष

डोंगरमाथ्यावर पोचलं की ‘द विटनेस’ खेळणाऱ्याचं लक्ष आधी तिथल्या पेटीकडे जातं. बेटाच्या कानाकोपऱ्यातून निघालेले लेझरचे झोत तिच्यावर येऊन मिळालेले असतात आणि इतक्या तासांच्या खटपटीनंतर डोंगराचं दार उघडायची घाई झालेली असते. मलाही झाली होती. सहज म्हणून कड्यावरून खाली पाहिलं. नदी दिसली. तिच्या एका टोकाला गोल डोह, तिथून वळणं घेत निघालेला प्रवाह. आणि मी थबकले. हा आकार मी गेले कित्येक दिवस शेकडो वेळा काढत होते. गोलातून सुरुवात करायची, रेघ ओढत न्यायची, गोलसर टोकाशी थांबायचं: बेटावरच्या प्रत्येक पॅनेलवरच्या कोड्याची हीच लिपी. छे, नदीवर कशी रेघ निघेल, असं म्हणतच डोहावर टिचकी मारली. रेघ निघाली.

जोनाथन ब्लो यांचा हा व्हिडिओ गेम जानेवारी 2016 मध्ये आला. त्याआधी 2008 च्या ‘ब्रेड’ने त्यांचं नाव झालं होतंच. ‘द विटनेस’मध्ये सूचना नाहीत, पार्श्वसंगीत नाही, भेटायला माणूस नाही. पॅनेलवरची पाचशेच्या वर कोडी आहेत आणि त्यांच्यापलीकडे बेटाच्या अंगावरच 135 दडलेली आहेत. ही 135 एकदाही न दिसता खेळ संपवता येतो. पुष्कळांनी तसा संपवलाही असेल, याची मला खरोखर हळहळ वाटते.

‘दडलेली’ हा शब्द मात्र मी नाइलाजाने वापरते आहे, कारण ती कशाच्याही आड नाहीत. शाळेत आपण शिकतो की एका शब्दाचे दोन अर्थ निघाले की श्लेष होतो. चांगल्या श्लेषाची अट याहून कडक असते. दुसरा अर्थ उमगण्याआधी पहिला अर्थ आपल्या पायांवर उभा असला पाहिजे. शब्द ओढूनताणून आणल्याचा वास आला की सगळी गंमत गेली. ब्लो यांची नदी आधी नदी आहे. उतारावरून जावी तशी ती जाते, तिच्या काठाने आपण दहादा चाललेलो असतो. बेट घडवताना वास्तुरचनाकार आणि भूदृश्यरचनाकार सोबत घेतले होते, ते मला इथे सर्वांत जास्त जाणवतं. भिंत भिंतीसारखी पडलेली आहे, पाइप पाइपाच्या कामाला लागलेला आहे. म्हणून तर संशय येत नाही.

आणि तरीही कवीने वाचकाला फसवलेलं नाही. बागेतल्या पॅनेलवर रेघ कशी काढायची ते मागच्या सफरचंदाच्या झाडाची फांदी सांगते. म्हणजे पॅनेलवरून नजर उचलून झाडाकडे न्यायला आपण तिथेच शिकतो. वाळवंटातल्या पडक्या वास्तूत पॅनेल कोरं दिसतं, आणि योग्य जागी उभं राहिलं की उन्हाच्या तिरपेत त्यावरची वाट चमकते. म्हणजे कुठे उभं राहायचं हाही उत्तराचाच भाग, हे तिथे कळतं. झाड आणि ऊन, या दोन धड्यांची बेरीज म्हणजे डोंगरावरची ती नदी. बेरीज मात्र आपली आपण करायची.

एकदा डोळा उघडला की बेट दुसऱ्यांदा भेटतं. जवळच्या वस्तूची कड लांबच्या भिंतीच्या कडेला एकाच ठिकाणाहून जुळते आणि पाऊलभर सरकलं की तुटते. कुठे अर्धी रेघ दगडाची, अर्धी पाण्यातल्या प्रतिबिंबाची. काही कोडी होडीतूनच साधतात: होडी पुढे जात असते आणि रेघ जुळण्याचा क्षण हातातून निसटत असतो. यातली प्रतिबिंबाची मला सर्वांत प्रिय, कारण तिथे वस्तू आणि तिचा आभास मिळून एकच रेघ पुरी होते.

सगळीच तितकी सरस नाहीत. बेटावर सहा काळे स्तंभ आहेत आणि त्यांच्यावर त्या त्या भागातल्या रेघांचे आकार कोरलेले आहेत. हे ध्यानात आलं की शोध यादीत बदलतो, आणि शोधापेक्षा यादी पुरी करण्याची ओढ वाढते. मला ते स्तंभ नसते तर बरं वाटलं असतं. तळघरातल्या चित्रपटगृहातलं कोडं मात्र मी कुणाशीही भांडून उचलून धरीन. तिथे ब्रायन मोरियार्टी यांचं 2002 सालचं, गुप्त खुणा शोधण्याच्या माणसाच्या वेडावरचं भाषण लागतं, आणि ते चालू असताना जुळणारी एक रेघ पुरी व्हायला जवळपास तासभर लागतो. हा छळ आहे असं म्हणणारे भेटतात. मी तो तास बसले. भाषण पुरं ऐकलं. घाईने ऐकून सोडून दिलं असतं असे कितीतरी मुद्दे त्या बसण्यामुळे मनात उतरले.

डोंगराच्या आतून जाऊन खेळ रीतसर संपवला की आपण बेटावरून तरंगत जातो, सोडवलेलं सगळं खाली एकेक करून मिटत जातं आणि अखेर पुन्हा त्याच अंधाऱ्या बोगद्यात येतो जिथून सुरुवात झाली होती. पहिल्यांदा मला हे निष्ठुर वाटलं होतं. दुसऱ्यांदा त्या बोगद्यातून बाहेर पडले तेव्हा समोर तेच तटबंदीचं लहानसं आवार, तेच फाटक, तोच आकाशातला सूर्य. खेळाचा दुसरा, गुप्त शेवट इथेच आहे, अगदी पहिल्या काही मिनिटांत गाठता येईल इतका जवळ. रेघ फाटकाच्या कडेने जाते. गोल कुठे आहे ते मी बराच वेळ फाटकावरच शोधत होते. मग मान वर केली, दोन पावलं मागे आले, थोडी बाजूला सरकले, आणि सूर्य फाटकाला येऊन टेकला.