तोरण्याचे धन आणि महासंमताची साळ

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या डोंगरांत मराठी राज्याचा आरंभ झाला. रायरेश्वर, रोहिडा, तोरणा, राजगड ही नावे महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही पाठ असतात. या नावांबरोबर काही कथाही पाठ झालेल्या असतात आणि त्यांची चिकित्सा सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एक कथा घेतली आहे. 1646 च्या सुमारास तोरणा ताब्यात आल्यावर तेथील पडझडीचे उत्खनन करताना शिवाजी महाराजांना द्रव्य सापडले, त्या द्रव्यातून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, आणि हे धन भवानीने दिले, अशी ही कथा आहे. ग्रँट डफने 1826 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात द्रव्य अकस्मात सापडल्याचे सांगितले आहे आणि लोकांनी त्याचे श्रेय देवीच्या कृपेला दिले, असेही नमूद केले आहे. म्हणजे घटना एक आणि तिचा लावलेला अर्थ दुसरा, हा भेद त्याने राखला. पुढील कथनांत तो पुसट होत गेला.

हा भेद क्षुल्लक नाही. जुन्या गडावर पुरलेले धन सापडणे ही मानवी घटना आहे. ते खणणारे हात होते आणि त्यातून तट बांधणारे गवंडी व पाथरवट होते. धन देवीने दिले असे म्हटले की हे हात कथेतून बाहेर पडतात. उरतात फक्त दोघे, देणारी देवता आणि घेणारा राजा. राजसत्तेला दैवी अधिष्ठान देणाऱ्या प्रत्येक कथेची रचना अशीच असते, मग ती वेल्ह्याच्या डोंगरातील असो वा नाईल नदीच्या काठची.

प्राचीन इजिप्तचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तेथील राजा हा होरस देवाचे जिवंत रूप आणि सूर्यदेव रे याचा पुत्र मानला जाई. हात्शेपसुत या राणीने स्वतः राजपद धारण केले तेव्हा दैर अल-बहरी येथील मंदिराच्या भिंतीवर आपल्या जन्माची कथा कोरविली. अमून देवाने तिच्या पित्याचे रूप घेतले आणि तिच्या मातेपासून तिला जन्म दिला, असे ती कथा सांगते. इ. स. पूर्व 1400 च्या सुमाराचा राजा चौथा थुतमोस याने गिझाच्या स्फिंक्सच्या पंज्यांमध्ये शिळा उभारली. राजपुत्र असताना तो त्या सावलीत झोपला, देवाने स्वप्नात येऊन वाळू उपसण्यास सांगितले आणि राज्य देण्याचे वचन दिले, असा तिचा आशय आहे. राजपदावरील हक्क निर्विवाद असेल तर अशी शिळा कोणी कशाला कोरील?

आपल्याकडील ग्रंथही या दृष्टीने पाहावेत. कवींद्र परमानंदाचे शिवभारत हे संस्कृत काव्य महाराजांच्या हयातीतले. त्यात त्यांना विष्णूचा अवतार म्हटले आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जिंजी येथे, राजाराम महाराजांसाठी बखर लिहिली. तिच्यात अफजलखानाच्या प्रसंगी भवानी दर्शन देते. सभासदाची बखर इतिहासाचे मोलाचे साधन आहे, हे येथे कोणी नाकारीत नाही. परंतु ती लिहिली गेली त्या वेळी राज्य संकटात होते आणि राजा स्वदेशापासून दूर होता. अशा काळी पूर्वीच्या यशामागे देवता होती असे सांगण्याची गरज कोणाला व का वाटली असेल, हा प्रश्न बखरीच्या वाचकाने विचारलाच पाहिजे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. रायगडावर 6 जून 1674 रोजी राज्याभिषेक झाला. त्यापूर्वी पंचवीसहून अधिक वर्षे राज्य चालले, आणि त्यातील बहुतेक काळ ते राजगडावरून चालले. या काळात अभिषेक नव्हता, मौंजी नव्हती, काशीचे गागाभट्टही नव्हते. मग लोकांनी राज्य मानले ते कशाच्या आधारावर? याचे उत्तर भोर तालुक्यातील कारी गावच्या जेध्यांच्या करीन्यात सापडते. अफजलखान चालून आला तेव्हा कान्होजी जेधे यांना आदिलशाहीचे फर्मान आले होते. ते घेऊन ते पाच मुलांसह महाराजांकडे आले, वतनावर पाणी सोडले आणि मावळच्या इतर देशमुखांनाही सोबत आणले. या साऱ्या व्यवहाराचा आधार माणसाने माणसाला दिलेला शब्द हा आहे. आमच्या मते राजगडाच्या राज्याची खरी सनद हीच होय.

भगवान बुद्धांनी अग्गञ्ञ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज या ब्राह्मणकुळात जन्मलेल्या दोन श्रामणेरांना राजसत्तेची जी उत्पत्ती सांगितली ती येथे आठवते. शेतीच्या हद्दी पडल्या, चोरी सुरू झाली, तेव्हा लोक एकत्र आले. त्यांनी आपल्यातील एका योग्य माणसाला निवडले आणि न्यायाच्या कामाबद्दल त्याला साळीचा वाटा देण्याचे ठरविले. सर्व जनांनी संमत केलेला म्हणून तो महासंमत. त्याचा वाटा म्हणजे सरळ मोबदला आहे. तो देवाचा नैवेद्य नव्हे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात मात्र राजा आठ देवतांच्या अंशांतून घडविला आहे आणि तो बालक असला तरी मनुष्य समजून त्याचा अवमान करू नये, अशी आज्ञा आहे. एका भूमीतल्या या दोन विचारधारांचा मेळ बसत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 25 डिसेंबर 1927 रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा अस्पृश्यतेच्या नियमांबरोबर हा राजाही त्या अग्नीत होता, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

इजिप्तशी तुलना करताना एक मोठा फरकही सांगितला पाहिजे. तेथील राजा तत्त्वतः स्वतःच मुख्य याजक होता. मंदिरांच्या भिंतींवर देवाला अर्पण करणारा म्हणून राजाच कोरलेला दिसतो. पुरोहित त्याच्या वतीने विधी करीत. आपल्याकडे देवत्व राजाचे नव्हते, ते पुरोहिताच्या हाती होते आणि राजाला उसने मिळत होते. 1674 मध्ये महाराजांना आधी क्षत्रिय ठरवावे लागले, मौंजी करावी लागली. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला निश्चलपुरी गोसाव्याने पहिल्या विधीत उणिवा काढून तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक केला. उसने दिलेले परत मागता येते. 1899 साली सुरू झालेल्या वेदोक्त प्रकरणात कोल्हापूरच्या शाहू महाराजांना पुरोहितांनी वेदोक्ताचा अधिकार नाकारला. छत्रपतींच्या गादीवरील राजाला असे सुनावले जाते, याहून अधिक पुरावा काय हवा?

भोरचा इतिहास याच दिशेने बोलतो. शंकराजी नारायण यांना राजारामांच्या काळात सचिवपद मिळाले. पुढे शाहू महाराज मोगलांकडून सुटून आले, तेव्हा ताराबाईंना दिलेली शपथ आणि ज्येष्ठ गादीचा हक्क यांच्या कात्रीत सापडून शंकराजींनी प्राण दिला, असे परंपरा सांगते. एका बुद्धिमान कारभाऱ्याला शपथेतून सुटण्याचा मार्ग मरणाशिवाय दिसू नये, ही दैवी राजनिष्ठेची किंमत आहे. त्यांच्या वंशजांचे भोर संस्थान इंग्रजांच्या कराराने टिकले आणि मार्च 1948 मध्ये विलीन झाले. त्या वेळी कोणत्याही देवतेने हरकत घेतली नाही.

दैवी राजाची कसोटी शेवटी धान्याच्या कोठारापाशी लागते. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या 29 व्या वर्षी राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांना शिधा वेळेवर मिळेना, तेव्हा त्यांनी काम बंद केले आणि ते मंदिरांच्या आवारात जाऊन बसले. कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. पपायरसवर ही हकिकत टिकून आहे. देवपुत्राच्या अमरत्वाचे घर बांधणारे हे लोक. पण आपला वाटा थकला हे त्यांना नेमके कळत होते. महासंमताच्या साळीचा हिशेब त्यांनी बुद्धांच्या कितीतरी आधी उलट बाजूने मांडला होता.

बौद्ध परंपरा या बाबतीत निष्कलंक होती, असेही म्हणता येणार नाही. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे. लेणे भिक्खूसंघाला दिलेले. पण लेखात तिच्या पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, राम, केशव, अर्जुन यांच्याशी तुलना आहे आणि त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, अशी स्तुतीही आहे. संघाने हे दान स्वीकारले आणि ती अक्षरे विहाराच्याच भिंतीवर राहिली. अशोकाने स्वतःला देवांचा प्रिय म्हटले, देव म्हटले नाही. आपली धडपड प्राणिमात्रांच्या ऋणातून मुक्त होण्यासाठी आहे, असे त्याने शिलालेखात सांगितले. हे अंतर आपल्या अभ्यासकांनी अधिक बारकाईने मांडावयास हवे होते.

महाराजांना देवत्वाच्या चौकटीतून बाहेर काढून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्रात नवीन नाही. महात्मा फुल्यांनी 1869 मध्ये त्यांच्यावर पवाडा रचला तो कुळवाड्यांचा राजा म्हणून. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी महाराजांचे चरित्र लिहिले आणि भगवान बुद्धांचेही. मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या तरुण भीमरावांना त्यांनी भेट दिले ते यांपैकी दुसरे. त्याच भीमरावांनी पुढे 1943 मध्ये पुण्यातील रानडे यांच्यावरील व्याख्यानात विभूतिपूजेचा समाचार घेतला आणि बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे न मानण्याची प्रतिज्ञा 1956 मध्ये आपल्याला दिली. अवतार नाकारण्याची ही शिस्त आपण बुद्धांपुरती पाळतो. बाबासाहेबांच्या बाबतीत किती पाळतो, हे ज्याने त्याने तपासावे.

जेध्यांच्या करीन्याबद्दल मात्र एक गोष्ट राहून जाते. त्यात संमती दिसते ती देशमुखांची. राजगडाचे दगड वाहणाऱ्यांची, गडाच्या घेऱ्यात राबणाऱ्या महार-रामोश्यांची संमती कोणी विचारली होती काय, याची नोंद तेथे नाही. अग्गञ्ञ सुत्तातील सभेत मात्र शेत असलेले सारेच जमलेले आहेत.