डफ हातात, बावटा मागे

गुढीपाडव्याला गिरगावात शोभायात्रा निघते तेव्हा फणसवाडीच्या घराघरांतल्या काचा ढोलाने थरथरतात. पथकांचा सराव कसून केलेला असतो, शिस्तही वाखाणण्याजोगी. पण ढोल-ताशा शब्द गिळतो; डफ-तुणतुणं शब्दाला वाट करून देतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्या गिरगावाने नाक्यानाक्यावर शाहीर ऐकले, तिथे आता सणाला शब्द लागत नाहीत. शाहिरीची आजची अवस्था पाहायची तर इथूनच सुरुवात करावी.

१९४४मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. कम्युनिस्ट चळवळीने त्यांना सर्वांत मोठी गोष्ट दिली ती श्रोता. पाळी सुटून आलेला गिरणी कामगार कंटाळला की सरळ उठून जायचा. त्याला पहिल्याच कडव्यात धरावं लागे, आणि झीलकऱ्यांनी ध्रुपद उचललं की मागे उभ्या असलेल्यालाही अर्थ पोचे. ही तालीम कुठल्या नाट्यशाळेत मिळाली नसती. पण चळवळीने ठरावही दिले, आणि ठराव चालीत बसवून केलेली गाणी ठरावाबरोबरच शिळी झाली.

टिकली ती अण्णाभाऊंची ‘माझी मैना’. ही छक्कड बायकोला गावी ठेवून मुंबईला आलेल्या माणसाच्या विरहाची. तिच्यातला नवरा आधी बायकोचं रूप आठवतो, मग मुंबईची श्रीमंती आणि तिच्या पायरीवरची आपली जागा सांगतो; बेळगाव-कारवार-निपाणी येतं ते अगदी शेवटी. सीमाभागाची ताटातूट तोवर श्रोत्याच्या घरचीच झालेली असते. याच अण्णाभाऊंनी १९५८मध्ये दादरला पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं आणि पुढच्याच वर्षी आलेली ‘फकिरा’ ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. वर्गाच्या पोथीत जात मावत नाही हे त्यांना कळलं होतं. तरी कामगाराशी बोलायची रीत त्यांनी टाकली नाही.

हे कळणं सगळ्यांना सोसलं असं नाही. आव्हान नाट्य मंच या डाव्या कलापथकाचे शाहीर विलास घोगरे संघटनेबाहेर काढले गेले. जुलै १९९७मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगर या दलित वस्तीत पोलिसांचा गोळीबार झाला, त्यानंतर काही दिवसांतच त्यांनी जीव दिला. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटात हे सारं आहे. संघटनेला घोषणा देणारा गळा हवा असतो; त्या गळ्यामागच्या माणसाचं काय करायचं हे तिला अनेकदा उमगत नाही.

आज सरकारी मंचावर १ मेला फेटे बांधलेले शाहीर येतात, आवाज खणखणीत लावतात आणि सत्कार घेऊन जातात. त्यात कोणाला काही विचारलेलं नसतं. माझ्या मते हा ठरावापेक्षाही वाईट प्रकार. ठरावाला निदान शत्रू तरी होता.

संभाजी भगत वेगळे पडतात ते इथे. तेही आव्हानमधूनच आलेले. त्यांची गाणी असलेल्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकात जालन्याकडची शेतकरी पोरं वगाच्या बाजात यमाला खाली उतरवतात आणि शिवाजी नक्की कोणाचा, हा वाद प्रेक्षकांत सोडून देतात. राजकुमार तांगडे यांचं लेखन आणि नंदू माधव यांचं दिग्दर्शन त्याला नाटकाची शिस्त देतं. उपदेश अधूनमधून डोकावतो, शेवटाकडे तर जास्तच. पण समोरच्याला आधी हसवायचं, मग गाठायचं, ही लाल बावट्याची जुनी खोड त्यात शाबूत आहे, आणि ती आता कुठल्याही कार्यालयाच्या परवानगीवर अवलंबून नाही.