मॅटाडोर : एक खोटे नाते, एक खरे

पुण्यात माझ्या पिढीच्या कानावर ‘मॅटाडोर’ हा शब्द पडला तो रस्त्यावर. वऱ्हाड मॅटाडोरने जाई, मंडईतला माल मॅटाडोरने येई. ही गाडी आकुर्डीच्या बजाज टेम्पो कारखान्यात तयार होत असे. तिचे नाव मात्र आले होते जर्मनीहून. हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीने 1949 साली आपल्या एका मालवाहू गाडीला ते दिले होते. मराठीने दोन्ही नावे सामान्यनामे करून टाकली : ‘तो’ टेम्पो आणि ‘ती’ मॅटाडोर. स्पेनच्या रिंगणातला तलवारबहाद्दर पुण्यात येऊन स्त्रीलिंगी झाला.

हा शब्द मूळचा कुठला, हे मी काही वर्षांपूर्वी एका वाचनालयातल्या व्याख्यानात ठासून सांगितले होते. आपली ‘शह आणि मात’मधली ‘मात’ आणि मॅटाडोरमधला ‘मात’ एकच. बैलावर मात करतो तो मॅटाडोर! टाळ्या पडल्या. ते विधान टिकणारे नव्हते, हे आज लिहून ठेवणे मला गरजेचे वाटते.

आधी अर्थ. स्पॅनिशमध्ये ‘तोरो’ म्हणजे वळू. बैलाला ‘बुएय’ हा वेगळा शब्द आहे. त्यामुळे आपल्याकडे रूढ झालेला ‘बैलझुंज’ हा अनुवाद सदोष ठरतो. रिंगणात उतरतो तो खच्ची न केलेला वळू. शिवाय ‘झुंज’ म्हटले की दोन जनावरांची टक्कर डोळ्यांपुढे येते; ती गोव्याच्या धिरयोत असते, स्पेनमध्ये नाही. वळूशी खेळणारा तो ‘तोरेरो’. घोड्यावरून भाला टोचणारा ‘पिकादोर’, पाठीत रंगीत काड्या खुपसणारा ‘बांदेरियेरो’ आणि शेवटी तलवारीने वळूला मारण्याचा अधिकार असलेला ‘मातादोर दे तोरोस’, म्हणजे शब्दशः ‘वळूंना मारणारा’. ‘तोरेआदोर’ हा शब्द जुना आहे; बिझेच्या ‘कार्मेन’ या 1875 च्या संगीतिकेने तो जगभर नेला. स्पेनमध्ये मात्र आज ‘तोरेरो’च म्हणतात.

मातादोर हा ‘मातार’ म्हणजे ठार मारणे या क्रियापदापासून झाला, यात वाद नाही. वाद आहे तो ‘मातार’च्या मुळाविषयी. पहिला दावेदार लॅटिन ‘माक्तारे’, म्हणजे बळी देणे. मराठी कानाला हे लगेच पटते, कारण आपल्याकडे ‘भक्त’चा ‘भत्त’ आणि त्याचा ‘भात’ झाला. पण ही आपली वाट आहे, स्पॅनिशची नव्हे. तिथे लॅटिन ‘क्त’चा ‘च’ होतो : ‘लाक्तेम’चे ‘लेचे’ (दूध), ‘नोक्तेम’चे ‘नोचे’ (रात्र), ‘ओक्तो’चे ‘ओचो’ (आठ). ‘माक्तारे’चे ‘मेचार’सारखे काहीतरी व्हायला हवे होते, तसे ते झाले नाही.

दुसरी दावेदार माझी लाडकी ‘मात’. बुद्धिबळाबरोबर हा शब्द अरबांकरवी स्पेनला पोहोचला हे खरे. तिथला ‘खाके माते’ म्हणजे आपलेच ‘शह-मात’. पण तो पटावरचा शब्द पटावरच राहिला. घरोघरी बोलले जाणारे ‘मारणे’ हे क्रियापद त्यावरून घडले, असे म्हणायला नुसते ध्वनिसाम्य पुरत नाही. तिसरा दावेदार उत्तरकालीन लॅटिनमधला ‘मात्तुस’, म्हणजे बधिर, गुंगलेला. इटालियनमध्ये त्याचाच ‘मात्तो’, म्हणजे वेडा. बधिर करणे, मग लोळवणे, मग ठार करणे, असा अर्थाचा प्रवास झाला असावा. स्पॅनिश व्युत्पत्तिकार कोरोमिनास यांचा कल याच बाजूला आहे. निर्विवाद मात्र तेही म्हणत नाहीत.

मग मराठीशी मातादोरचे काहीच नाते नाही? आहे, पण ज्या टोकाकडे मी पाहिलेच नव्हते तिथे. शेवटचा ‘दोर’ हा लॅटिनच्या ‘तोर’ या कर्तृवाचक प्रत्ययापासून आलेला आहे आणि तो संस्कृतच्या ‘तृ’ प्रत्ययाचा सख्खा भाऊ. दाता, नेता, वक्ता, श्रोता यांतला ‘ता’ तोच. स्पॅनिशमध्ये देणाऱ्याला ‘दादोर’ म्हणतात. आपला ‘दाता’ आणि त्यांचा ‘दादोर’ धातूनेही एक आणि प्रत्ययानेही एक. कानाला मात्र हे नाते चटकन ऐकू येत नाही.

आम्हा स्वयंशिक्षित अभ्यासकांची खोड इथेच आहे. विद्यापीठाचा शिक्का नसल्याने चमकदार जोड्या जुळवून श्रोत्यांना जिंकण्याचा मोह होतो. याच पुण्यातून माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश 1925 साली निघाला; कृ. पां. कुलकर्ण्यांचा मराठी व्युत्पत्तिकोश 1946 साली प्रसिद्ध झाला. अशी शिस्तीची कामे हाताशी असताना मी कानावर विसंबलो. सारखे दिसणारे शब्द नातलग असतीलच असे नाही. खरे नातलग बहुधा चेहरा पालटून येतात. ते ओळखायचे तर प्रत्येक भाषेचे ध्वनिनियम तिच्याच घरी बसून शिकावे लागतात.

त्या दिवशीचे श्रोते आज भेटले, तर ‘मात’ मागे घेऊन मी त्यांना ‘दाता’ देईन. टाळ्या कमी पडल्या तरी चालेल.