राहुरीचे डॉक्टर बॅलन्टाइन : एका घराण्याच्या इतिहासाची चिकित्सा

जुन्या जालन्यांत वैद्यकी करणाऱ्या एखाद्या घराण्याची माहिती विचारावयास गेलें असतां प्रथम वंशावळ पुढें येते. तींत पणजा, आजा, बाप व मुलगा हीं नांवें ओळीनें असतात. लेकी-सुनांचा मात्र बहुधा उल्लेख नसतो. हीच रीत आम्हीं राहुरीचे अमेरिकन डॉक्टर विल्यम ऑसबॉर्न बॅलन्टाइन यांच्या घराण्यास लावून पाहिली आणि ती किती अपुरी आहे, हें आमच्या ध्यानांत आलें.

ज्ञात हकीकत अशी. सन 1813 मध्यें मुंबईस कार्यास आरंभ करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशननें 1831 सालीं अहमदनगर, म्हणजे हल्लींचें अहिल्यानगर, येथें ठाणें घातलें. डॉक्टरांचे वडील हेन्री बॅलन्टाइन हे 1835 च्या सुमारास तेथें आले. त्यांनीं सुमारें तीस वर्षें काम केलें, मराठींत ख्रिस्ती गीतें रचलीं आणि 1865 सालीं मायदेशीं परततांना समुद्रप्रवासांतच त्यांचा अंत झाला. पुढें 1875 च्या सुमारास पुत्र विल्यम वैद्यकी शिकून याच मुलखांत आले व मुळेकांठच्या राहुरीस राहून खेड्यापाड्यांतील रोग्यांस औषध देऊं लागले. बाप उपदेशक, मुलगा डॉक्टर : एवढ्यावर वंशावळ संपते.

पण हेन्री यांची कन्या मेरी हिचा विवाह 1856 सालीं सॅम्युएल बेकन फेअरबँक यांच्याशीं झाला. हे नेवासें तालुक्यांतील वडाळ्यास राहत. शेतीकडे व पक्ष्यांकडे त्यांचें बारीक लक्ष असे. दक्षिणेंतील डोंगरांत राहणाऱ्या एका पक्ष्यास ब्लॅनफर्ड यानें 1869 सालीं त्यांचेंच नांव दिलें. फेअरबँकांची पुढील पिढीही याच मुलखांत राबली. म्हणजे राहुरीस एकाकी दिसणाऱ्या डॉक्टरांचा आप्तसंबंध थेट वडाळ्याशीं जुळतो, आणि तो जोडणारी बहीण आहे. ती गाळली कीं घराणें मोडतें व उरतो तो केवळ एका माणसाचा पराक्रम.

आतां साधनांविषयीं. सन 1882 मध्यें मुंबईस छापलेला मिशनचा स्मारकग्रंथ व वार्षिक वृत्तें हीं मुख्य साधनें होत. तीं खोटीं आहेत, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु हीं वृत्तें बोस्टनच्या चालकांस व देणगीदारांस उद्देशून लिहिलीं जात, हें विसरून चालणार नाहीं. देणाऱ्यास जें कळावें तें त्यांत सविस्तर येतें. रोग्याचें म्हणणें काय, औषध कुटणारा कोण, जखम धुणारी बाई कोणत्या घरची, याविषयीं तीं थोडकें बोलतात. सन 1876-78 व 1899-1900 च्या दुष्काळांत राहुरीच्या रयतेचे काय हाल झाले, हें पाहण्यास सरकारी महसुली कागद व गांवच्या घरांतील आठवणी याही ताडून घ्याव्या लागतील.

येथें जालन्याचें उदाहरण उपयोगीं पडतें. राहुरी इंग्रजी मुलखांत, तर गोदावरीच्या उत्तरेस असलेलें जालना मोगलाईंत होतें. तेथें स्कॉटिश फ्री चर्चचें कार्य नारायण शेषाद्रि या मराठी गृहस्थानें चालविलें व बेथेल हें गांव वसविलें. एतद्देशीय मनुष्यच कार्याच्या अग्रभागीं असल्यामुळें तेथील हकीकतींत त्याचें नांव लपलें नाहीं. राहुरीच्या दवाखान्यांतही एतद्देशीय हात होतेच. त्यांचीं नांवें शोधणें हें अभ्यासकाचें काम आहे.

डॉक्टरांस नुसतें 'अमेरिकन' म्हणणेंही पुरेसें नाहीं. ज्याच्या बापाची हयात नगरास गेली आणि ज्याचें बाळपण तेथेंच आरंभलें, त्याचें परत येणें हें परदेशगमन कीं घरीं येणें, हा प्रश्न इतिहासकारानें निदान उपस्थित तरी करावा.

आमच्या पहिल्या टांचणांतील वंशवृक्षावर मेरीचें नांव नव्हतें, हें येथें कबूल करतों. तें आम्हीं आतां घातलें आहे. परक्याच्या घराण्यांत जो दोष आम्हांस एवढा स्पष्ट दिसला, तोच आमच्या कुलवृत्तांतांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. जुन्या जालन्यांतील वैद्यांच्या वंशावळी ज्यांच्या घरीं असतील, त्यांनीं त्या पुन्हा उघडाव्या, घरांतील वृद्ध स्त्रियांस विचारावें आणि रिकाम्या जागीं नांवें लिहावीं. सांगणारीं माणसें आहेत तोंवरच हें होण्यासारखें आहे.